नऊ पावलांची पट्टी

समजा, तुमच्या हातात एक फोन आहे आणि तुम्हाला एका शेताच्या कडेकडेनं चालायचं आहे. पळायचं नाही, मध्येच सरड्याच्या मागे जायचं नाही. तुम्ही चालाल तशी फोनमध्ये तुमच्या मागे एक निळी रेघ उमटत जाईल, गोगलगाईच्या मागे ओली वाट उमटते तशी. जिथून निघालात तिथं परत पोचलात की रेघेची दोन टोकं जुळतील आणि फोन म्हणेल, झालं, हे एक शेत. आता समजा, हे शेत म्हणजे मोकळं माळरान नाही. वर उंच झाडं, त्यांच्या सावलीत केळी, केळीच्या सावलीत कॉफी, कॉफीच्या पायाशी अळू आणि घेवड्याचे वेल. दहा पावलांवर उभा असलेला माणूस दिसत नाही, नुसता त्याचा खोकला ऐकू येतो. अशा ठिकाणी आपलं कुठं संपतं आणि शेजाऱ्याचं कुठं सुरू होतं, हे तुम्ही कशावरून ओळखाल? विचार करा. मला घाई नाही. चौतीस वर्षं मी शाळेत भूगोल शिकवला, उत्तराची वाट बघत उभं राहायची मला सवय आहे. कुणी म्हणेल दगड, कुणी म्हणेल कुंपण. आमच्याकडे, डोंगराच्या उतारावर, त्याला एकच उत्तर आहे: इसाले. लांब हिरव्या पानांचं, मनगटाएवढ्या खोडाचं हे झाड बाप ओळीनं लावतो आणि मुलं ती ओळ मानतात. इसाले खोटं बोलत नाही, असं म्हणतात. मीही वर्गात तसंच सांगत आलो. फक्त एक गोष्ट मी कुठल्याच वर्गात सांगितली नाही. ती ही, की इसालेची काठी तोडून कुठंही खोचली तरी ती जगते.

त्या सोमवारी सकाळी मी मोशी शहरात, बाजारामागच्या गल्लीत, गॉडलिसनच्या दुकानात मानेला टॉवेल बांधून बसलो होतो. गॉडलिसन माझा जुना विद्यार्थी, मला अजून म्वालिमू, म्हणजे गुरुजी, म्हणतो. नकाशात नद्या नेहमी समुद्राकडून डोंगराकडे काढायचा, पण हात हलका. त्याचं यंत्र माझ्या डोक्याच्या डाव्या बाजूवरून गुणगुणत फिरलं, कानामागं वळलं, टाळूच्या मध्यावर आलं आणि थांबलं. वीज गेली होती. पंखा दोन फेऱ्या घेऊन गप्प झाला, रेडिओवरचा माणूस शब्दाच्या मध्येच गेला. "म्वालिमू, हलू नका, येईल," गॉडलिसन म्हणाला. "कधी?" "आज ना उद्या." दारातले दोघे हसले. आणि त्या शांततेत माझ्या मांडीवरचा फोन थरथरला. मी चष्मा वर केला. पडद्यावर दोन हिरवी शेतं होती आणि त्यांच्या मध्ये, डोळ्यात कुसळ जावं तशी, एक बारीक लाल पट्टी. खाली लिहिलं होतं: शेत क्रमांक चौदा आणि शेत क्रमांक सतरा एकमेकांवर आली आहेत. आज संध्याकाळी सहापर्यंत दुरुस्ती न झाल्यास माल पाठवता येणार नाही. चौदा माझं. सतरा माझ्या धाकट्या भावाचं, न्देकिर्वाचं. समोरच्या आरशात अर्ध्या डोक्याचा एक म्हातारा माझ्याकडे बघत होता. मला वाटलं होतं, असं काही कधी झालं तर मी घाबरेन. पण घाबरलो नाही. फार दिवस ज्याची चाहूल लागलेली असते, तो पाहुणा दारात आला, एवढंच वाटलं. मी उठलो, टॉवेल सोडला. "म्वालिमू, असे जाणार?" गॉडलिसन ओरडला. "लोक म्हणतील गॉडलिसननं गुरुजींवर सूड उगवला!" मी टोपी घातली आणि गाड्यांच्या तळाकडे निघालो. डावीकडे टोपी थंड लागत होती, उजवीकडे उबदार.

चालता चालता मी पोती मोजत होतो, मोजायचं कारण नसताना. एक्केचाळीस. एक्केचाळीस पोती कॉफी खाली शहराच्या गिरणीत शिक्के मारून उभी होती, आणि ती सतरा घरांची होती. पूर्वी आमची कॉफी फक्त वळणापर्यंत आमची असायची. रस्त्याच्या वळणावर तागडी घेऊन ट्रकवाला उभा असे. तो भाव सांगे, पोतं फेकी, आणि ट्रक वळला की बीबी आइकाच्या घरची निवडून निवडून वाळवलेली कॉफी आणि कुणाची तरी भिजलेली, बुरसटलेली कॉफी एक होऊन जाई. पुढं ती कुठं जाते, कोण पितं, गोड लागते का कडू, कुणी येऊन सांगत नसे. मी मुलांना नकाशावर बंदरं दाखवायचो, तांगा, दार-एस्-सलाम, मग बोट निळ्यावरून सरकवत युरोपात न्यायचो. आणि प्रत्येक वर्षी कुणीतरी विचारायचं, "म्वालिमू, तिथं त्यांना आमचं नाव माहीत असतं?" मी म्हणायचो, नसतं. मग तीन वर्षांपूर्वी हे फोनचं आलं. प्रत्येक शेताभोवती चालायचं, रेघ काढायची, पोत्यावर काळ्या ठिपक्यांचा चौकोन चिकटवायचा. आणि स्वीडनमधल्या एका गावात स्वतः कॉफी भाजून विकणारी एक बाई त्या चौकोनावर फोन धरते, तेव्हा तिला आमची शेतं दिसतात. तिकडचा नियम आहे की जंगल तोडून पिकवलेलं नको, तेव्हा कुठल्या जमिनीतून आलं ते दाखवा. गंमत अशी, की आकाशातून आमची केळी-कॉफी अशी दाट दिसते की पहिल्या वर्षी यंत्रानं आमच्या अख्ख्या गावालाच जंगल ठरवलं. मी फोटो काढले, चार पानी पत्र लिहिलं, प्रत्येक झाडाचं नाव घातलं. बाईंचं उत्तर आलं, आणि बरोबर त्यांच्या दुकानाचं चित्र. काचेमागे कागदी पिशवी, पिशवीवर आमच्या गावाचं नाव, आणि उंबऱ्याशी गुडघाभर बर्फ. बीबी आइकानं ते चित्र डोळ्याशी धरून पाहिलं. बीबी म्हणजे आजी; ती आमच्या गटाची प्रमुख, वय पंचाहत्तरच्या पुढं. ती म्हणाली, "एवढा बर्फ दारात? आमचा निदान डोंगराच्या डोक्यावर तरी राहतो." पण चित्र तिनं परत दिलं नाही. नातीकडून कागदावर काढून घेतलं आणि चुलीवरच्या भिंतीला लावलं.

मी गटाचा चिटणीस, आणि नकाशा म्हणजे माझं काम. तेरा शेतांभोवती मी स्वतः चाललो, मग माझ्या, मग आणखी दोन. बीबी आइकाच्या शेताभोवती चालून आलो तेव्हा मी मालकाच्या जागी तिच्या नवऱ्याचं नाव लिहायला लागलो, तर तिनं माझ्या मनगटावर चापट मारली. "त्यानं या शेतात शेवटची कुदळ मारली तेव्हा तुझे केस काळे होते. माझं नाव लिही." "बीबी, कागदावर जमीन त्याच्या नावावर आहे." "मग दोन्ही लिही. तुझ्या फोनला दोन नावं जड होतात?" जड होत नव्हती. नावापुढं अधिकचं चिन्ह होतं, ते दाबलं की आणखी एक नाव घेता येत होतं. हे मला तिच्यामुळं कळलं. असा सोळा घरांचा गट झाला, पण यंदा सोळा घरांची मिळून पोती होत होती चौतीस, आणि बाईंना चाळिसाच्या खाली घेणं परवडत नव्हतं. तेव्हा बीबी आइका काठी टेकत न्देकिर्वाच्या दाराशी गेली. तो हो म्हणाला, एका अटीवर: म्वालिमूनं माझ्या शेतात पाऊल ठेवायचं नाही, मांका चालेल. मांका माझ्या मुलीची मुलगी, अकरा वर्षांची, आम्हा दोघा भावांना बाबू, म्हणजे आजोबा, म्हणणारी. ती आईबरोबर वर गावात राहते आणि दोन्ही घरांत केळीचं सूप पिते, कारण भांडण म्हाताऱ्यांचं आहे, सुपाचं नाही. ती फोन घेऊन गेली, पुढं न्देकिर्वा गमबूट घालून, मागे ही. परत आली आणि म्हणाली, "बाबू, झालं. बघणार नाही?" मी म्हटलं, "तू केलंस म्हणजे नीटच असणार," आणि न बघता पाठवून दिलं. प्रत्येक मुलाचा प्रत्येक नकाशा दोनदा तपासणारा मी. गाडीच्या तळावर उभा राहून मला हेच आठवत होतं, की माझा अंगठा त्या बटनाकडे किती घाईनं गेला होता. तेवढी घाई मी आयुष्यात दोनदाच केली.

पहिल्यांदा केली तेव्हा माझ्या खिशात खडू होता. आमच्याकडे बापाच्या जमिनीतला एक तुकडा थोरल्याला मिळतो आणि बापाचं राहतं घर, त्याभोवतीच्या जमिनीसकट, शेंडेफळाला. त्यामुळं मी आणि न्देकिर्वा शेजारी झालो, मध्ये बाबांनी लावलेली इसालेची ओळ. बाबा गेले, न्देकिर्वा तांगा बंदरावर हमालीला गेला, चार वर्षं आला नाही. त्यातल्या पहिल्या वर्षी मी एक वासरू घेतलं. त्याला बांधायला जागा हवी होती, आणि न्देकिर्वाच्या बाजूला, ओळीपासून थोडं आत, गवत बरं होतं. मी इसालेच्या आठ काठ्या तोडल्या, तिथं एका रांगेत रोवल्या, दोर बांधला. वासरू मोठं झालं, विकलं. काठ्या तशाच राहिल्या. एके दिवशी शाळेतून येताना बघतो तर आठही काठ्यांना शेंड्याला पानं. मला तेव्हा हसू आलं होतं, खरंच. पुढच्या मोठ्या पावसात वरचा पाट फुटला, चिखलाचा लोंढा केळीतून आला आणि बाबांची ओळ घेऊन गेला. तीन झाडं उरली, तीही कलती. ती मी उपटली आणि शेळ्यांपुढं टाकली. का उपटलीस, असं कुणी विचारलं असतं तर म्हटलं असतं, कलली होती. पण कुणी विचारलं नाही, आणि जे कुणी विचारत नाही ते माणूस स्वतःलाही विचारायचं सोडतो. आता एकच ओळ होती. ती दिसायला इतकी सरळ, इतकी शहाणी होती, की वर्षभरात मी तिच्यापर्यंत खणायला लागलो, दोन वर्षांत तिथं कॉफी लावली. न्देकिर्वा परत आला तो एका सकाळी, खांद्यावर पिशवी घेऊन, आणि केळीत उभा राहिला. "हे इथं होतं?" त्यानं विचारलं. मी शाळेत निघालो होतो. उशीर होत होता. घंटा होणार होती. मी म्हटलं, "इसाले खोटं बोलतं का?" तो त्याच्या बाजूच्या मोठ्या दगडापाशी गेला आणि तिथून मोजत आला, बाबा मोजायचे तसा, टाच आपटत. तेहतीस. "बाबांची बेचाळीस पावलं होती," तो म्हणाला. "मला त्यांनी दर वर्षी मोजायला लावली." पाटावर दोघंतिघं तोंड धूत होते, ते बघायला लागले. मी म्हटलं, "तुझे पाय वाढले." ते हसले. मीही हसलो. न्देकिर्वानं आपल्या पायांकडे पाहिलं. ते खाली बघणं मी सव्वीस वर्षं विसरायचा प्रयत्न करतोय. त्या दिवसापासून त्यानं मला शिकामू म्हटलेलं नाही. धाकट्यानं थोरल्याला दिसताक्षणी म्हणायचं ते, जे म्हटलं की थोरल्यानं मराहाबा म्हणायचं आणि दिवस सुरू व्हायचा.

गाडी चढणीला लागली. शेजारच्या बाईच्या मांडीवर टोपलीत दोन कोंबड्या होत्या, वळणावर त्या माझ्याकडे कलत. मी फोन काढला, लाल पट्टी बोटांनी मोठी केली. सतरा नंबरच्या रेघेवर छोटे छोटे ठिपके होते, मांकाची पावलं. ती दगडापासून निघून सरळ माझ्या कॉफीत आली होती आणि मगच वळली होती. न्देकिर्वानं तिला बाबांच्या ओळीवरून नेलं होतं, जी ओळ आता नाही, जी फक्त त्याच्या पायांत उरली आहे. मी एका ठिपक्यावर बोट ठेवलं. तो हलला. चिटणीसाला तो हक्क होता. ठिपका ओढत मी माझ्या आठ काठ्यांपर्यंत नेला, मग दुसरा, मग तिसरा, आणि लाल पट्टी बारीक होत होत गेली. कुणालाही दिसलं नसतं. कोंबड्या बघत होत्या तेवढ्याच. फोननं विचारलं: ही रेघ हातानं ओढलेली आहे, जागेवर चालून काढलेली नाही. पाठवायची? बाई हातानं ओढलेली रेघ घेत नाहीत हे मला माहीत होतं, ती अट मीच गटाला वाचून दाखवली होती. पण त्या क्षणी मला बाई आठवल्या नाहीत. आठवले ते माझेच शब्द, फळ्यासमोरचे, चौतीस वर्षांचे: मुलांनो, घरात बसून नकाशा काढू नका, जा, चालून या. मी नाही म्हटलं. पट्टी परत लाल झाली, आणि मला, कसं सांगू, ताप उतरायला लागल्यावर घाम येतो तसं हलकं वाटलं. मग मनात आलं, त्यापेक्षा आपण गुपचूप आपल्याच शेताभोवती पुन्हा चालावं, नऊ पावलं सोडून द्यावीत, कुणाशी बोलायला नको. पण कुठून चालणार? जुनी ओळ कुठं होती ते मला आठवेना. मी डोळे मिटून शोधलं. मला आठ काठ्याच दिसत राहिल्या. माझ्याच खोट्यानं माझ्या डोक्यातली खरी ओळ खाऊन टाकली होती. ती आता ज्याला माहीत होती त्यालाच विचारायला हवं होतं.

वर पोचलो तेव्हा तीन वाजले होते. कॉफी धुण्याच्या हौदापाशी बीबी आइका काठीवर हनुवटी ठेवून बसली होती. तिच्या नातीच्या फोनवरही तोच निरोप आला होता. "आलास? माझ्या भिंतीवर त्या बाईचं दुकान आहे आणि तुम्ही दोघं भाऊ त्या दुकानाचं दार लावताय. तुमची दोन्ही शेतं काढून टाकायला सांग फोनला."

"कशी काढू, बीबी? कॉफी एकत्र धुतली, एकत्र वाळवली. कुठला दाणा कुणाचा हे आता देवालाच माहीत. एक शेत अडलं की अख्खी एक्केचाळीस पोती अडली."

"मग देवाला विचार, नाहीतर भावाला विचार. दोघांपैकी जो जवळ राहतो त्याला." मग तिचं लक्ष माझ्या टोपीखाली गेलं. "डोक्याला काय झालं तुझ्या?"

"वीज गेली."

"आतली का बाहेरची?"

मी पुढं झालो, केळीतून, त्या ओळीपाशी. आठही झाडं आता माझ्याहून उंच होती. चौथ्याच्या खोडाला, गुडघ्याच्या उंचीवर, अजून एक खोल वळ होता. दोर काचून झाड त्याभोवती वाढलं होतं. मी तिथं दर हंगामात कॉफी तोडायला यायचो, आणि दर हंगामात त्या झाडाकडे पाठ करून तोडायचो. त्याच झाडाचं एक पान मी कापलं आणि मध्ये गाठ मारली. हे तुम्हाला सांगायला हवं: ज्या झाडानं आम्ही हद्द आखतो, त्याच झाडाच्या पानाला गाठ मारून आम्ही माफी मागतो. पान पुढं धरलं की समोरच्याला नाही म्हणता येत नाही, मग भांडण रक्ताचं का असेना. म्हणून ते सहसा स्वतः नेत नाहीत, एखाद्या वडीलधाऱ्याच्या हाती पाठवतात, म्हणजे तोंड दिसत नाही. बीबी आइका धापा टाकत मागे आली होती. तिनं गाठ पाहिली आणि हात पुढं केला. "दे. मी नेते. माझं ऐकेल तो." मी म्हटलं, "नको, बीबी. बोलणं माझं आहे." तिनं माझ्याकडे असं पाहिलं, जसं मी शेवटच्या बाकावरच्या मुलाकडे बघायचो, तो पहिल्यांदा हात वर करायचा तेव्हा.

न्देकिर्वा घडानं वाकलेल्या केळीला टेकू लावत होता. मांका टेकूचं खालचं टोक धरून उभी होती, तिच्या गालात भाजलेलं केळं होतं. मी दिसलो तसा तो वळला नाही. तो मांकालाच म्हणाला, "म्वालिमूंना सांग, फोनमधलं भांडण फोनमध्ये मिटवा."

"बाबू, फोनमधलं भांडण फोनमध्ये—" मांकानं सुरू केलं.

"ऐकलं मी," मी म्हटलं, आणि सव्वीस वर्षांनी त्याच्या बाजूच्या जमिनीवर पाय ठेवला. पान दोन्ही हातांनी पुढं धरलं.   "न्देकिर्वा, त्या आठ काठ्या मी रोवल्या. वासरासाठी. त्या जगल्या. बाबांची ओळ लोंढ्यात गेली, उरलेली तीन झाडं मी उपटली. तू विचारलंस तेव्हा मला सगळं माहीत होतं. बेचाळीसच होती."

टेकू त्याच्या हातात सैल पडला. घड हळूहळू खाली यायला लागला, मांकानं दोन्ही हात वर करून तो पेलला. मला वाटलं, आता शिवी येईल, आणि ती ऐकायला मी तयार होतो, जवळजवळ वाट बघत होतो. पण त्याचा चेहरा रागाचा झालाच नाही. तो आधी गोंधळला, मग कुणीतरी पाठीवरचं ओझं मागून उचलून घ्यावं तसे त्याचे खांदे खाली आले.

"म्हणजे माझं बरोबर होतं?"

"बरोबर होतं."

"बेचाळीस?"

"बेचाळीस."

तो खाली, ओल्या पाचोळ्यात बसला. "दर वर्षी मोजायचो मी," तो म्हणाला, माझ्याशी का पाचोळ्याशी ते कळेना. "सगळे चर्चला गेले की. तेहतीस यायची. छोटी पावलं टाकून बघायचो, बाबांचे बूट घालून बघायचो. मग वाटायला लागलं, बाबांनी बेचाळीस म्हटलंच नसेल. मग वाटलं, मला मोजायला नेलंच नसेल, मीच रचलं असेल. त्यांचा हात धरलेला आठवायचा ना, तोही खोटा वाटायला लागला." त्यानं पान माझ्या हातातून घेतलं, गाठ न सोडता सदऱ्याच्या खिशात ठेवलं, आणि वर पाहिलं. माझी टोपी पानं बाजूला सारताना कुठंतरी पडली होती. त्याच्या तोंडाचा एक कोपरा हलला. "आणि माफी मागायला हे असं डोकं करून आलास? पूर्ण करायला पैसे नव्हते?"

"वीज गेली रे."

तो हसायला लागला. आधी नाकातून, मग पोटातून, आणि हसता हसता त्यानं बाहीनं डोळे पुसले. मग उठला, पँट झटकली, आणि लहान असताना म्हणायचा तसं, मान किंचित खाली घालून म्हणाला, "शिकामू, मोठ्या भावा."

"मराहाबा," मी म्हटलं. एवढा एक शब्द. सव्वीस वर्षं घशात अडकलेला काटा पाण्याच्या घोटासरशी उतरावा आणि पुन्हा पुन्हा गिळून बघावं, खरंच गेला का, तसं मला होत होतं.

बीबी आइकाला मात्र या कशाशी देणंघेणं नव्हतं. "झालं? रडून झालं? सव्वाचार झाले. चला, रेघ काढा." मी म्हटलं, न्देकिर्वा पुढं होईल, जुनी ओळ दाखवील, मी तिथून माझं शेत चालेन, पट्टी त्याची. न्देकिर्वा म्हणाला, "पट्टीचं काय करू? कॉफी तू लावलीस. राहू दे तुझ्या ओळीपर्यंत." मी म्हटलं, "ती माझी ओळ नाही, ती वासराची ओळ आहे. तू घे." "मला जमीन नको होती, मला ती बेचाळीस पावलं हवी होती. मिळाली. तू ठेव." "मी ठेवणार नाही." "मग मीही घेणार नाही." "थोरला मी आहे, मी सांगतो ते ऐक." "सव्वीस वर्षं ऐकलं ना!" बीबी आइकानं काठी जमिनीवर आपटली. "अरे मेल्यांनो, आजवर घेण्यावरून अबोला, आणि आता देण्यावरून भांडण? तिकडं ती बाई भट्टी पेटवून बसली असेल!" आम्ही तरी थांबलो नाही. खरं सांगायचं तर थांबावंसं वाटत नव्हतं. त्याचा आवाज चढला की तो अगदी बाबांसारखा येतो, हे मी विसरूनच गेलो होतो.

मांकानं तोंडातलं केळं संपवलं. टेकू नीट बसवला, घड हलवून बघितला, हात फ्रॉकला पुसले. मग माझ्या हातातून फोन घेतला. आम्ही दोघंही बोलत होतो, लक्षात आलं नाही. ती दगडापाशी गेली आणि तिथून निघाली, पाटाच्या कडेनं, घराच्या मागून, न पळता, फोन छातीशी धरून. आठ काठ्या आल्या तिथं मी बोलायचा थांबलो. न्देकिर्वाही थांबला. ती वळली नाही. दोन झाडांच्या मधून सरळ पुढं गेली, त्या नऊ पावलांमधून, माझ्या कॉफीच्या कडेनं, माझ्या घरावरून, आणि केळीत दिसेनाशी झाली. नुसती पानांची सळसळ ऐकू येत होती, आधी दूर, मग खालच्या अंगानं जवळ. आम्ही तिघं म्हातारी माणसं दगडाकडे तोंड करून उभी राहिलो. ती केळीतून बाहेर आली, दगडाला हात लावला, फोनकडे पाहिलं. दोन्ही शेतांभोवती मिळून एकच रेघ झाली होती. मग तिनं मालकाच्या जागी माझं नाव लिहिलं, पुढचं अधिकचं चिन्ह दाबलं, आणि मान वर करून विचारलं, "धाकट्या बाबूंचं नाव कसं लिहितात, तेवढं सांगा."